जीपचा पिवळा दिवा

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि बायकोचा फोन आला. "अहो, तो पिवळा दिवा नुसता लुकलुकतोय आणि गाडी मागे मागे घसरतेय." तिच्या मागून कुणीतरी ओरडत होतं, "मॅडम, हितंच लावा गाडी, पुढं लय चिखल हाय!" मी म्हटलं, "कुठला दिवा? नीट सांग." तिनं फोन कट केला. चढावर घसरणाऱ्या गाडीत बसून नवऱ्याला नीट सांगायला तिला सवड नव्हती, हे मला तासाभरानं कळलं. तोवर मी तिला अकरा फोन केले होते.

ती पेठच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. नाशिकरोडहून रोज अपडाऊन. पेठपर्यंत काही त्रास नाही, पण तिथून आत वळलं की शेवटचे तीन किलोमीटर रस्ता फक्त म्हणायला आहे. दोन ओहोळ, एक उभा चढ आणि भात कापायला येईपर्यंत न वाळणारी माती. त्या तीन किलोमीटरसाठी आम्ही जुनी फोर-व्हील ड्राइव्हची जीप घेतली. एरवी ती मागच्या दोन चाकांवर चालते. डॅशबोर्डवरचं एक बटण फिरवलं की पुढची चाकंही कामाला लागतात. बटण फिरवल्यावर पिवळा दिवा दोनतीनदा लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. स्थिर झाला की समजायचं, चारही चाकं जोडली गेली. लुकलुकतच राहिला तर पुढची चाकं नुसती सोबतीला आहेत.

मला थांबता येत नाही. लिफ्ट यायला उशीर झाला की मी जिना चढतो. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत तीनदा रस्त्यावर जाऊन येतो. माझ्या पायाला भिंगरी आहे असं बायको म्हणते आणि ते खरंच आहे. त्यातून माझं ठिबकच्या सामानाचं दुकान, आणि दिवस द्राक्षाच्या छाटणीचे. गिऱ्हाईक सकाळपासून दारात. त्यांना नळ्या मोजून देता देता माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की उद्या ती परत त्याच चढावर जाणार.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना माझ्या बरोबर उलटे. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात त्यांची सगळी नोकरी कंट्रोल रूममध्ये गेली. समोर भिंतभर पॅनेल, त्यावर लहान लहान खिडक्या. कुठं बिघडलं की त्यातली एक लुकलुकायची आणि भोंगा वाजायचा. मग एक बटण दाबायचं, 'अ‍ॅक्सेप्ट'. भोंगा बंद, दिवा स्थिर. म्हणजे मी पाहिलंय, मी बघतोय. त्यानंतर कारण शोधायचं. कारण सापडलं, दूर झालं, की मगच दुसरं बटण, 'रिसेट'. कारण न शोधता रिसेट मारणाऱ्या माणसाबद्दल नाना ज्या आवाजात बोलायचे, त्या आवाजात आमच्या घरी चोराबद्दलही कुणी बोललं नसेल.

हे सगळं मी 'होते, बोलायचे' असं लिहितोय, पण नाना आहेत. त्यांचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो.

पोळ्याच्या आधी एका दुपारी नाना जेवणाचा डबा घेऊन एकलहऱ्याच्या गेटवर सापडले. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाल्यावर. गेटवरच्या माणसाला म्हणाले, सेकंड शिफ्ट आहे. तो भला, त्यानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्यांच्या खिशातल्या चिठ्ठीवरून मला फोन केला. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, डोक्याचा फोटो झाला. रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरांनी मला एकट्याला आत थांबवून घेतलं. विसरण्याचा आजार आहे, म्हणाले, हळूहळू वाढत जाणारा. थांबवता येत नाही, गोळ्यांनी थोडा लांबवता येतो. मी बाहेर आलो तेव्हा नाना बाकाखाली चपला जुळवून बसले होते.

"काय म्हणाले?"

"बी-ट्वेल्व्ह कमी आहे," मी म्हणालो.

आमच्याकडे असंच करतात. घरात मोठं दुखणं निघालं की ते सगळ्यांना माहीत असतं, ज्याला झालंय तो सोडून. माझ्या आत्याला शेवटपर्यंत अल्सर आहे असंच सांगितलं होतं, आणि तिनंही शेवटपर्यंत अल्सरचं पथ्य पाळलं. त्यामुळे नानांशी खोटं बोलताना मला काही वेगळं करतोय असं वाटलंच नाही. बायको तेवढी म्हणाली, "त्यांना सांगायला हवं." मी म्हटलं, "बघू." तिनं दोनदा विषय काढला, मी दोन्ही वेळा उठून गच्चीवर गेलो.

तेव्हापासून नाना 'व्हिटॅमिन' घ्यायला लागले आणि मी त्यांच्याकडे चोरून बघायला लागलो. गॅस, दाराची किल्ली, बँकेची कामं, सगळं एकेक करून आपल्याकडे घेतलं. काढून घेतलं असं म्हणणं जास्त बरोबर आहे. एक जीप मात्र त्यांच्याकडे राहिली. हवा, ऑइल, धुणं-पुसणं, सगळं तेच बघायचे. सून रोज घाट चढते, गाडीत उणीव राहता कामा नये, हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं काम होतं.

तर तो पिवळा दिवा. पहिला मूर्खपणा मी केला. नानांना न विचारता गाडी द्वारका चौकाकडच्या एका मेकॅनिकला दाखवली. त्यानं स्कॅनर जोडला, काहीतरी पुसलं आणि म्हणाला, झालं. मी उपनगरच्या सिग्नलला बटण फिरवून पाहिलं तर दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. परत गेलो. तो म्हणाला, "पार्ट बाहेरून मागवावा लागेल साहेब, आठ दिवस धरा. नाहीतर बल्बच काढून देतो, लुकलुक बंद." घरी येऊन हे मी नानांना गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली. रात्री झोपेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळा सकाळची. बायको एसटीनं गेली आणि नानांनी गाडी ताब्यात घेतली. अंगणात गोणपाट अंथरलं, डायरी उघडली, एका रेषेवर सगळं काढलं: दिवा, बटण, फ्यूज, वायर, व्हॉल्व्ह, रबरी नळी, पुढची चाकं. इंजिनावरच्या पंपाची हवा खेचणारी ओढ त्या नळीतून पुढच्या चाकांपर्यंत पोचते आणि चाकं जोडते, हे त्यांनी मला समजावलं. पॅनेलकडून मशिनकडे जायचं, मधला एकही टप्पा गाळायचा नाही. आधी त्यांनी सुतळीनं चारही टायरचे घेर मोजले. एक टायर लहान असला तरी अशी गाडी गोंधळते म्हणे. घेर सारखे निघाले. मग मला गाडी दहा फूट मागे घ्यायला लावली, कारण कधी कधी चाकं मागे जातानाच जोडली जातात. मग पुढे. मग परत मागे. गल्लीतल्या बायका गच्चीवरून बघत होत्या. मला लाज वाटत होती.

"फ्यूज बघू," नाना म्हणाले.

"झाला नाना बघून."

त्यांनी बॅटरी तपासली, एक वायर हलवून पाहिली. "आता फ्यूज."

"झाला म्हटलं ना!"

तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी जोरात ओरडलो. त्यांनी डायरीत पाहिलं. फ्यूजपुढे खूण होती, त्यांच्याच हातची. त्यांनी त्या खुणेवरून बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "हो. झाला." मला स्वतःचा इतका राग आला की मी आत जाऊन उगाचच हात धुतले.

दुपारपर्यंत ते व्हॉल्व्हपर्यंत पोचले होते. व्हॉल्व्ह बरा होता, बोट लावलं की टक् करून हलत होता. "आता नळी राहिली," म्हणाले. "जेवून, पडून, मग बघू." जेवल्यावर वीस मिनिटं आडवं होणं हा त्यांचा नियम. फक्त वीस मिनिटं थांबायचं होतं मला.

नाही थांबलो. ते आडवे झाले आणि मी बॉनेट उघडलं. नळी हातानं चाचपत गेलो, एअर फिल्टरच्या मागे हात घातला आणि बोटांना काहीतरी बारीक लागलं. टॉर्च मारला. नळीभोवती काळा दोरा करकचून आवळला होता, आणि दोऱ्यात ओवलेला बिब्बा.

दसऱ्याला गाडीची पूजा नानांनीच केली होती. झेंडूची माळ, कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं. दृष्ट लागू नये म्हणून पुढे बांधलेली लिंबू-मिरची पाड्याच्या वाटेवरच्या झुडपांत दर वेळी तुटून जाते, अशी तक्रार ते पावसाळाभर करत होते. त्या दिवशी मी त्यांना बॉनेटमध्ये वाकलेलं पाहिलं होतं आणि बॅटरीला कुंकू लावत असतील असं समजून पुढे गेलो होतो. त्यांनी दोरा आतच बांधून टाकला होता, जिथं तो तुटणार नाही. हाताला येणाऱ्या पहिल्या नळीला.

कुणीही बांधला असता तर मी हसलो असतो. पण नानांनी? कुठल्या नळीत हवा, कुठल्या नळीत तेल हे डोळे मिटून सांगणाऱ्या माणसानं चालू नळीला गाठ मारली होती. डॉक्टरांच्या रिपोर्टवर माझा तोवर पूर्ण विश्वास बसला नव्हता हे मला तिथं उभं असताना कळलं. त्या दोऱ्यानं बसवला. मला भीती वाटली. 

मी ब्लेडनं दोरा कापला, खिशात घातला, चपटी झालेली नळी बोटांनी दाबून गोल केली. गाडी चालू करून बटण फिरवलं. दिवा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

आवाजानं नाना बाहेर आले. "काय होतं?"

"काही नाही. आपोआप नीट झालं."

"आपोआप?"

"एखादं कनेक्शन हललं असेल मघाशी."

नाना गाडीपाशी आले. "आपोआप काही होत नसतं," म्हणाले, आणि गाडीची किल्ली काढून बंडीच्या खिशात ठेवली.

मला वाटलं होतं, दिवा नीट झाला, विषय संपला. संपला कसला. कारण सापडेपर्यंत सुनेनं ही गाडी घाटात न्यायची नाही, असं नानांनी जाहीर केलं. सोमवारी बायको पुन्हा एसटीनं गेली आणि तीन किलोमीटर चिखल तुडवत शाळेत पोचली. संध्याकाळी साडीच्या काठाला सुकलेली माती खरवडत म्हणाली, "तुम्ही त्यांना दोरा दाखवा." तिला मी सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, "दाखवून काय होईल? खचतील ते." ती म्हणाली, "आणि आत्ता काय होतंय ते दिसत नाही का तुम्हाला?"

दिसत होतं. दुकानात माझं लक्ष लागत नव्हतं. एका शेतकऱ्याला सोळा मिलिमीटरच्या ऐवजी बाराची नळी दिली, दुसऱ्याला सुटे पैसे द्यायचे विसरलो, तिसरा म्हणाला, "भाऊ, तुमचं काय हरवलंय का?" मी तासातासाला काहीतरी निमित्त काढून घरी येत होतो, आणि प्रत्येक वेळी नाना गाडीपाशी. बटण फिरवायचे, दिवा बघायचे, घड्याळ बघायचे, डायरीत लिहायचे. दिवा दर वेळी व्यवस्थित स्थिर व्हायचा आणि त्यांचा चेहरा दर वेळी आणखी उतरायचा.

मंगळवारी दुपारी मी आलो तेव्हा त्यांनी ती नळी काढून हातात धरली होती. "इथं बघ," म्हणाले. रबरावर बारीक वळ उठला होता, चहूबाजूंनी. "कशानं तरी आवळली होती ही. जोरात. आणि आता ते नाही." मग हळूच विचारलं, "तू काही काढलंस का रे इथून?"

इतकं सोपं करून विचारलं होतं त्यांनी. मी म्हणालो, "नाही."

"नक्की?"

"नाही हो नाना, मी कशाला काढू?"

त्यांनी मान हलवली. नळी पुसली आणि परत बसवली. मी दुकानात निघून गेलो. अक्षरशः पळालो म्हणा.

बुधवारी सकाळी मी बाहेर पडायच्या तयारीत होतो तेव्हा नाना आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून समोर आले. त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"ही घे. गाडी आता मी बघणार नाही."

"का? काय झालं?"

"नळी आवळली होती हे नक्की. तू काही काढलं नाहीस, सूनबाई गाडीपाशी नव्हती. राहिलो मी. म्हणजे मीच काढलं असणार आणि मला आठवत नाहीये." ते माझ्याकडे बघत नव्हते. "ज्याला काय काढलं ते आठवत नाही, त्याच्या भरवशावर तिला घाटात पाठवायचं नाही. मेकॅनिककडे टाकत जा."

किल्ली देऊन रिकामा झालेला हात त्यांनी पाठीमागे लपवला. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. जे त्यांनी केलंच नव्हतं, ते विसरल्याची शिक्षा ते स्वतःला देत होते, आणि ती मी दिलेली होती.

मी आत गेलो, कपाटाच्या कप्प्यातून दोरा आणला आणि त्यांच्यासमोर धरला. "मी काढला, नाना. शनिवारी. तुम्ही झोपला होतात तेव्हा."

ते खुर्चीवर बसले. दोरा तळहातावर घेतला, बिब्बा फिरवून पाहिला, गाठ पाहिली. दुधाच्या पिशवीपासून रद्दीच्या गठ्ठ्यापर्यंत ते एकच गाठ मारतात, टोकं आत खुपसलेली. "गाठ माझी आहे," म्हणाले. "कुठं होता?"

"नळीवर."

"चालू नळीवर? मी बांधला?" त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बांधल्याचं आठवत नाही. पण काढलं मी नव्हतं."

"नाही."

"कालपासून मी डोकं फोडून घेतोय, की काढलं कधी. मी काढलंच नव्हतं!" आता त्यांचा आवाज चढला. रागानं त्यांच्या तोंडावर जरा रंग आला आणि मला बरं वाटलं. ते फार टिकलं नाही. त्यांनी दोऱ्यावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं, कंट्रोल रूममधल्या एखाद्या नवख्या पोराकडे बघावं तसं.

"आणखी काय काय लपवलंयस माझ्यापासून?"

मला उठून गच्चीवर जाता आलं असतं. पाय तयारच होते. आतल्या खोलीच्या दारात बायको उभी होती, खांद्याला पर्स, एसटीला उशीर होत असलेली. 

"बी-ट्वेल्व्ह नाही, नाना," मी म्हणालो, आणि मग सगळं सांगितलं. आजाराचं नाव सांगितलं. घरात ते नाव मोठ्यानं उच्चारायची ती पहिलीच वेळ. वाढत जाणार हे सांगितलं. थांबत नाही हेही सांगितलं. बोलताना मी एका जागी उभा होतो.

नानांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर विचारलं, "कधी कळलं?"

"पोळ्याच्या आधी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे दोन महिने झाले."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटायचंच आहे, ते आज वाटलं काय आणि तेव्हा काय. दोन महिने होते माझ्याकडे. चांगले होते. तू वाया घालवलेस." ते ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझ्या आईचं किती काय आहे, जे फक्त मला माहीत आहे. कुणाला सांगितलेलं नाही. घाई काय, म्हणून राहिलं. मला माहीत असतं तर रोज एकेक सांगितलं असतं."

बायकोनं पर्स खाली ठेवली. मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसलो. माझ्या तोंडून कसंबसं एवढंच निघालं, "आता सांगा."

नाना बराच वेळ उघड्या दारातून बाहेर, जीपकडे बघत होते. त्यांना आठवत नाहीये की सांगवत नाहीये, मला कळेना, आणि मी पहिल्यांदाच घाई केली नाही.

"तिला जीप शिकायची होती," ते म्हणाले. "कॉलनीत एकाकडे होती. तो शिकवायला तयार होता. मी म्हटलं, तुला कुठं जायचंय?"

मला हे माहीत नव्हतं. आई मला आठवते ती नानांच्या स्कूटरवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी धरून.

"मग?" मी विचारलं. "परत कधी म्हणाली नाही, शिकायचंय म्हणून?"

"म्हणाली ना," नाना म्हणाले. "तीनदा विचारलं तिनं."